पावत्या डब्यात, दरखास्त कोर्टात

पत्र: मिस्टरांच्या बायपाससाठी आम्ही दोघांच्या नावावर एका खासगी बँकेचं कर्ज काढलं होतं. हप्ते थकले. बँकेनं जुलै २०१९ मध्ये दावा लावला आणि मार्च २०२२ मध्ये आमच्याविरुद्ध हुकूमनामा (पैसे द्या असा कोर्टाचा निर्णय) झाला. मुद्दल २,४०,००० रुपये, दाव्याच्या तारखेपासून पूर्ण वसुलीपर्यंत द.सा.द.शे. ६ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च ८,४०० रुपये. पुढे बँकेच्या वसुली एजन्सीचा मुलगा घरी आला आणि महिना पाच हजार ठरले. जुलै २०२२ पासून या जानेवारीपर्यंत (२०२५) दर महिनाअखेरीला दिले, एकूण ३१ हप्ते. त्यातले २२ थेट बँकेच्या कर्जखात्यात भरले, ६ त्या मुलाच्या मोबाइल नंबरवर पाठवले (तो म्हणायचा, सिस्टीम बंद आहे) आणि ३ रोख दिले. आता एजन्सीच्या कागदावर २,९६,००० बाकी दिसते. त्यातच कोर्टाची नोटीस आली. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली मागणाऱ्या बँकेच्या अर्जात, आम्ही एक पैसाही दिला नाही असं लिहिलंय आणि माझ्या शाळेच्या २८,००० पगारावर जप्ती मागितली आहे. मुलगा म्हणतो, मावशी, कोर्टात जाऊ नका, मी मिटवतो; नाहीतर अटक होईल, मंगळसूत्रसुद्धा नेतील. माझ्या हिशेबाने फक्त ८५,००० राहिलेत. पावत्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत. हरकत घेता येईल का?
– एक शालेय लिपिक, सांगली जिल्हा

ताई,

तुमचं पत्र १० फेब्रुवारीचं. त्यातली एक गोष्ट सदर येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती, म्हणून ती तुम्हाला आधीच कळवली. इतर वाचकांसाठी इथे पुन्हा लिहितो. तुमचा शेवटचा हप्ता ३१ जानेवारीचा. त्याची कोर्टात नोंद करून घ्यायला कायदा तुम्हाला ३० दिवस देतो, म्हणजे २ मार्चपर्यंत. त्या दिवशी रविवार आहे, पण सोमवारच्या भरवशावर राहू नका. अर्ज फेब्रुवारीतच पडू दे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. वकिलीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात पावत्या. तारखेवार लावलेल्या, रबर लावून बांधलेल्या. तीन वर्षांत माणसानं सावकाराची जवळजवळ सगळी रक्कम फेडली होती, आणि दारात बेलीफ पूर्ण रकमेचं जप्ती वॉरंट घेऊन उभा होता. त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता दाखवा की साहेबांना." साहेबांना दाखवून फारसा उपयोग होणार नव्हता, हे त्यांना सांगताना मला लाज वाटली होती.

याचं कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधला नियम २. हुकूमनामा झाल्यावर कोर्टाबाहेर दिलेला पैसा दोनच वाटांनी कोर्टाच्या हिशेबात येतो. पहिली वाट म्हणजे ज्याला पैसे मिळाले त्या हुकूमनामाधारकानं, तुमच्या बाबतीत बँकेनं, स्वतः कोर्टाला "एवढे मिळाले" असं कळवायचं. हे कळवणं त्याचं कर्तव्यच आहे. दुसरी वाट तुमच्या हातातली. तुम्ही अर्ज करायचा की मी पैसे दिलेत, बँकेला नोटीस काढा आणि याची नोंद का घेऊ नये ते विचारा. या अर्जाला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२५ प्रमाणे पैसे दिल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. उशीर माफ करण्याची त्याच कायद्याच्या कलम ५ मधली सोय आदेश २१ खालच्या अर्जांना लागू नाही. आजारी होते, माहीत नव्हतं, एजंटानं भुलवलं, यातलं काही सांगून मुदत वाढत नाही. आणि ज्या पैशांची अशी नोंद झाली नाही, ते अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टानं विचारातच घ्यायचे नाहीत, असं त्याच नियमाचं तिसरं पोटकलम सांगतं.

कठोर आहे. पण हुकूमनामा झाल्यानंतर "मी रोख दिले होते" म्हणणाऱ्या खोट्या साक्षीदारांची रांग लागू नये म्हणून तो तसा आहे. दुर्दैव एवढंच की हा नियम वकिलांना पाठ असतो आणि हप्ता भरणाऱ्याला कुणी सांगत नाही. वसुलीवाला तर नाहीच नाही.

मग तुमचे आधीचे ३० हप्ते पाण्यात गेले का? नाही. मुदत आहे ती तुमच्या अर्जाला. बँकेनं स्वतः नोंद करायची म्हटली तर तिला कसलीही मुदत नाही. ती आज पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन ३१ च्या ३१ हप्ते मान्य करू शकते. म्हणून तुमची सगळी खटपट बँकेच्या तोंडून, तिच्याच कागदातून, ती कबुली काढून घेण्यासाठी हवी. डब्यातल्या पावत्या त्या कामाचं हत्यार आहेत. त्यांनाच पुरावा समजून गप्प बसू नका.

त्यासाठी आधी दरखास्तीची नक्कल काढा. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा, किंवा नोटिशीवरचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) ईकोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून तारीख आणि रोजनामा (त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद) बघा. दरखास्तीत बँकेनं जे रकाने भरलेत त्यात एक रकाना असतो: हुकूमनाम्यानंतर काही रक्कम मिळाली का, मिळाली असेल तर किती. आदेश २१ नियम ११ प्रमाणे तो भरणं सक्तीचं असतं आणि खाली अधिकाऱ्याची सत्यापनाची सही असते. तिथे "काही नाही" लिहिलंय आणि बँकेच्याच कर्जखात्याच्या उताऱ्यात तुमचे २२ हप्ते जमा दिसतायत, म्हणजे सहीनिशी खोटं विधान झालं. बहुतेक वेळा यात कुणाचा डाव नसतो. वकिलाकडे जुनी फाइल गेलेली असते, त्यानं हुकूमनाम्याचा आकडा उतरवलेला असतो, शाखेतल्या माणसानं न वाचता सही केलेली असते. पण कारण काही असलं तरी तुमच्या हातात पत्ता चांगला आलाय.

म्हणून आजच शाखेत लेखी अर्ज देऊन जुलै २०२२ पासूनचा कर्जखात्याचा उतारा मागा. पोच घ्या. एजन्सीचा कागद नको, बँकेचा शिक्क्याचा उतारा हवा. एजन्सी जे छापून देते त्याला मी हिशेब म्हणत नाही, मागणी म्हणतो.

आता तुमच्या ८५,००० कडे येतो, आणि इथे मला तुमच्याही विरुद्ध बोलायला लागेल. तुम्ही ३१ हप्त्यांचे १,५५,००० सरळ २,४०,००० मधून वजा केलेत. तसं होत नाही. हुकूमनाम्यात वेगळं काही ठरलं नसेल तर आलेला पैसा आधी व्याजात आणि खर्चात जातो, मग मुद्दलात. गुरप्रीत सिंग विरुद्ध भारत सरकार या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं हा क्रम पक्का केला आहे.

मांडून बघू. २,४०,००० वर ६ टक्के म्हणजे वर्षाला १४,४००, महिन्याला १,२००. जुलै २०१९ ते जून २०२२ या ३६ महिन्यांचं व्याज ४३,२००, त्यात खर्च ८,४००. म्हणजे पहिला हप्ता देण्याआधीच मुद्दलाशिवाय ५१,६०० तुमच्यावर उभे होते. दर महिन्याला तुम्ही ५,००० दिलेत आणि १,२०० नवं व्याज चढलं, म्हणजे मागची बाकी महिन्याला ३,८०० नं उतरली. १४ व्या हप्त्यात ती संपते आणि १,६०० रुपये पहिल्यांदा मुद्दलाला लागतात. तिथून पुढे मुद्दल उतरतं, तसं व्याजही थोडं थोडं कमी होतं. ३१ वा हप्ता धरून आज बाकी निघते सुमारे १,७१,००० रुपये.

तुमचे ८५,००० चूक, हे खरं. पण एजन्सीचे २,९६,००० त्याहून चूक. अडीच वर्षं न चुकता पैसे दिल्यावर बाकी सुरुवातीच्या २,९१,६०० पेक्षाही जास्त कशी निघते? तुम्ही पाठवलेल्या कागदाचा फोटो मी पाहिला. त्यात कर्जाच्या करारातलं १८ टक्के व्याज लावलंय, दंडव्याज आहे, "व्हिजिट चार्ज" आहे, वसुली शुल्क आहे, आणि नऊ हप्ते मुळात जमाच नाहीत. यातला एकही चार्ज हुकूमनाम्यात नाही. हुकूमनामा झाला की जुना करार त्यात विरघळतो. पुढची मोजपट्टी फक्त हुकूमनाम्याची. अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टाला त्याच्या मागे जाऊन तो बदलता येत नाही, म्हणून बँकेला ६ चे १८ करता येत नाहीत. (हेच तुम्हालाही लागू. मूळ कर्जात फाइल चार्ज जास्त घेतला होता वगैरे आता काढू नका, कोर्ट ऐकणार नाही आणि चांगला मुद्दा मात्र झाकला जाईल.) शिवाय ६ टक्के सरळ आहे. व्याजावर व्याज लावलेलं दिसलं तर त्यावर लाल पेनानं खूण करा.

त्या नऊ हप्त्यांचं, ४५,००० रुपयांचं, प्रकरण जरा अवघड आहे. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर द्यायचे तर मनीऑर्डरनं, बँकेमार्फत किंवा लेखी पुरावा राहील अशा रीतीनं, असं नियम १ म्हणतो. मोबाइलवर गेलेल्या सहा हप्त्यांचे यूटीआर (व्यवहार) नंबर तुमच्या बँकेच्या पासबुकात आहेत. ते कुणाकडे गेले हे सिद्ध होतं. प्रश्न एवढाच उरतो की तो मुलगा पैसे घ्यायला बँकेचा माणूस होता का. इथे त्याचं ओळखपत्र, एजन्सीच्या छापील पावत्या, "मावशी, हप्ता मिळाला" असे त्याचे मेसेज, सगळं उपयोगाचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत की एजंटाच्या वागण्याला बँक जबाबदार. त्यानं पैसे पुढे भरले नाहीत तर ते भांडण बँक आणि एजन्सीचं. तुमचा हप्ता तुम्ही दिलात. रोख दिलेल्या तिन्हींच्या वहीच्या पानावरच्या चिठ्ठ्या आहेत म्हणता, त्यावर सही आणि तारीख असेल तर लढता येईल. नसेल तर ते १५,००० मनातून थोडे सोडून ठेवा, वाईट वाटेल, पण त्यापायी बाकीच्या २८ हप्त्यांचा मुद्दा कच्चा करू नका.

बँकेला एक पत्र द्या, शाखाधिकाऱ्याला आणि प्रत तक्रार निवारण अधिकाऱ्याला. दाव्याचा नंबर, दरखास्तीचा नंबर, ३१ हप्त्यांचा तारीख, रक्कम आणि मार्ग दाखवणारा तक्ता, आणि दोन मागण्या: हे सगळे हप्ते मिळाल्याची पुरसिस कोर्टात द्या, आणि हुकूमनाम्याप्रमाणे बाकीचा हिशेब लेखी द्या. भाषा नम्र ठेवा. हे पत्र पुढे न्यायाधीशांच्या हातात जाणार आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती ऑनलाइन होते, फी नाही, १४४४८ वर माहिती मिळते. पण तिथे फक्त एजंटाचं वागणं आणि खासगी नंबरवर घेतलेले पैसे एवढंच मांडा. हुकूमनाम्याची बाकी किती हा वाद कोर्टापुढे चालू आहे, तो तिथे नेलात तर तक्रार दारातूनच परत येईल.

आणि कोर्टात जायचंच. "मावशी, जाऊ नका" हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा सल्ला आहे. तुम्हाला आलेला कागद बहुधा नियम २२ ची नोटीस आहे. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेल्यावर दरखास्त आली की कोर्ट आधी विचारतं, अंमलबजावणी का करू नये ते सांगा. म्हणजे तुमचं ऐकून घेण्यासाठीच तारीख नेमली आहे. गैरहजर राहिलात तर दरखास्तीतला आकडा तसाच पुढे जाईल. त्या तारखेला संहितेच्या कलम ४७ खाली लेखी हरकत द्या: हुकूमनाम्यापोटी अमुक रक्कम दिली आहे, बँकेचाच उतारा सोबत जोडला आहे, दरखास्तीतलं विधान चुकीचं आहे, बँकेला खातं हजर करायला सांगावं आणि बाकी हुकूमनाम्याप्रमाणे मोजावी. जानेवारीच्या हप्त्याचा नियम २ चा अर्ज वेगळा. बँकेच्या वकिलानं उत्तरात हप्ते मान्य केले, आणि स्वतःचा उतारा समोर आल्यावर ते बहुधा करतातच, तर ती कबुली रोजनाम्यात आली की नाही हे तिथेच बघून घ्या. त्यानंतरही बँक अडून बसली तर नोंद न झालेले पैसे परत मागायचा वेगळा दावा शिल्लक राहतो. पण तो लांबचा रस्ता आहे, आज त्यावर शाई घालवत नाही.

वकिलाच्या खर्चाची भीती पत्राच्या कडेला तुम्ही लिहिली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. नोटीस घेऊन जा. १५१०० वर फोन केलात तरी चालेल.

आता त्या धमक्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, संहितेचं कलम ५६. विषय संपला. मिस्टरांचं म्हणाल तर देण्याची ऐपत असून बुडवायच्या इराद्यानं लपवाछपवी केली तरच तुरुंगाचा प्रश्न येतो. नुसतं देता येत नाही म्हणून कुणाला आत टाकू नये असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं आहे. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्राचं नाव काढणाऱ्याला कलम ६० वाचायला सांगा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात लिहिलं आहे; रात्रीच्या फोनांचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.

पगाराची जप्ती मात्र होऊ शकते, ती खोटी धमकी नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. तुमच्या २८,००० पैकी २७,००० चा तिसरा हिस्सा, म्हणजे जास्तीत जास्त ९,००० महिन्याला कापले जातील, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने कापल्यावर ती जप्ती कायमची उठते. नऊ हजार तुम्हाला झेपणार नाहीत, म्हणून बाकी १,७१,००० च्या आसपास नक्की झाली की हप्त्यांची तडजोड मांडा. या वेळी दाराशी, चहाच्या कपावर नको. दोन्ही बाजूंच्या सह्यांची तडजोड पुरसिस कोर्टात, किंवा जवळच्या लोकअदालतीत प्रकरण ठेवून. एजंटाबरोबर ठरलेले पाच हजार कोर्टाला बांधील नाहीत; तिथे नोंदवलेले पाच हजार बँकेला बांधील होतील.

फेब्रुवारीचा हप्ता त्या मुलाला देऊ नका. बँकेला द्यायचा असेल तर खात्यातच भरा, आणि दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, दरखास्तीचा नंबर, तुमचं नाव-पत्ता आणि रक्कम कशापोटी हे लिहिलेलं पत्र त्याच दिवशी द्या. नियम १ मध्ये या गोष्टी लिहायलाच सांगितल्या आहेत. त्याहून बरं म्हणजे वकिलाकडून परवानगीचा अर्ज देऊन रक्कम कोर्टातच चलनानं जमा करा, नाझरची (कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या अधिकाऱ्याची) पावती घ्या आणि बँकेला रजिस्टर पोच पोस्टानं कळवा. ती नोटीस पोचल्या दिवसापासून तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं, आणि ३० दिवसांची घड्याळाची टिकटिकही नको.

तारखेला जाताना पावत्यांचे झेरॉक्सचे तीन संच न्या. मूळ पावत्या कुणाच्याही हातात देऊ नका, बँकेच्या वकिलाच्या नाही, आणि "बघू जरा मावशी" म्हणणाऱ्या त्या मुलाच्या तर नाहीच.